लक्ष्मीचं घर सुटलं नाही

आमच्या दापोऱ्याच्या भागात पुरुषानं लुगडं नेसून नाचणं कुणाला नवं नाही. तमाशात, सोंगाड्या पार्टीत मिसरूड फुटलेला गडी पदर सावरत येतो आणि म्हाताऱ्या बायकासुद्धा खळखळून हसतात. बालगंधर्वांच्या भामिनीवर तर अख्खा महाराष्ट्र भाळला होता. आजची मुलं ज्याला ड्रॅग म्हणतात, ते आपल्याकडे असं जुनंच आहे. अडचण रंग उतरल्यावर येते. नाच संपल्यावरही ज्याला लुगडंच आपलं वाटतं, त्याला घरात जागा असते का?

लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांना होती. जन्म १९७८ चा, ठाण्यातला. घर मूळचं उत्तर प्रदेशचं, पण वाढल्या ठाण्यात. लहानपणी दम्यानं बेजार, तरी नाच सोडला नाही. भरतनाट्यम शिकल्या, नाचाचे क्लास घेतले, डान्सबारमध्येही नाचल्या. २००५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं डान्सबार बंद केले, तेव्हा त्याविरुद्ध रस्त्यावर उतरल्या.

विशीत त्या हिजडा समाजात गेल्या, गुरू केला. तिथं गेलं की बहुतेकांचं घर सुटतं. लक्ष्मीचं सुटलं नाही. आईवडिलांना धक्का बसला, रडारड झाली, पण दार बंद झालं नाही. पुढचं सगळं मला या एका गोष्टीवर उभं असलेलं दिसतं. वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलेलं ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे त्यांचं आत्मकथन २०१२ मध्ये आलं. मी ते घरी आणलं. असं नाव असलेलं पुस्तक टीव्हीजवळ ठेवावं की नको, असा विचार करत होतो, तोवर आईनंच ते वाचून संपवलं. म्हणाली, “हिच्या मायनं किती सोसलं असंल रे!” मी पुस्तकभर लक्ष्मीकडे बघत होतो, आई तिच्या मायकडे बघत होती.

सुप्रीम कोर्टात तृतीयपंथीयांच्या हक्कांचा खटला चालला, त्यात लक्ष्मीही सामील झाल्या. १५ एप्रिल २०१४ च्या निकालानं तृतीयपंथीयांना ओळख दिली आणि आपण कोण हे ज्याचं त्यानं सांगायचं, हे मान्य केलं. लहानपणच्या अत्याचारांसह लक्ष्मीनं सांगितलेली स्वतःची कहाणी त्या निकालपत्रातच नोंदलेली आहे. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात ४,८७,८०३ माणसं होती. मी सॉफ्टवेअरवाला, फॉर्ममध्ये हा तिसरा पर्याय टाकायला मला दोन मिनिटंही लागत नाहीत. तो मिळवायला यांना इतकी वर्षं लागली.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. २०१८ मध्ये त्यांनी अयोध्येच्या मंदिराला पाठिंबा दिला, तेव्हा त्यांच्या समाजातल्याच अनेकांनी जाहीर विरोध केला. त्यांचं म्हणणंही ऐकण्यासारखं होतं.

उज्जैनच्या २०१६ च्या सिंहस्थात किन्नर आखाडा पहिल्यांदा उतरला, लक्ष्मी त्याच्या आचार्य महामंडलेश्वर. आखाडा परिषदेनं मान्यता नाकारली, पण लोकांनी दर्शनाला गर्दी केली. आमच्या गावची मंडळीही गेली होती. काकूला तिथं आशीर्वादाचा एक रुपया मिळाला, तो अजून तिच्या देवघरात आहे. उद्या एखादी किन्नर तिच्याकडे खोली भाड्यानं मागायला आली तर ती देईल का, हे मी अजून विचारलेलं नाही. दिवाळीला गावी जाणार आहे, तेव्हा विचारीन.