जन्मदात्याचे देणे

सेनगाव, जि. हिंगोली

चि. भाचीस,

तालुक्याच्या ठिकाणी वकिली सुरू झाली की अविवाहित मातेच्या मुलाचा प्रश्न कधी ना कधी पुढे येतोच, आणि तेव्हा पुरुषाचे देणे कायद्याने कोठवर ठरवले आहे हे मनात स्पष्ट असावे लागते.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली व ती पुढे सौम्य करण्यात आली. परंतु शिक्षा झाली ती तिला एकटीलाच, आणि या प्रकरणावरील चर्चेत स्त्रीजातीवरच आलेला ठपका सहन न होऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ प्रसिद्ध केली. आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ नुसार, म्हणजे पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ नुसार, ऐपत असूनही अपत्याकडे पाठ फिरवणाऱ्या पित्याकडून पोटगी, म्हणजे निर्वाहासाठी दरमहा ठरावीक रक्कम, मागता येते; मग ते अपत्य विवाहातून जन्मलेले असो वा नसो. दरमहा पाचशे रुपयांची जुनी कमाल मर्यादा २००१ मध्ये रद्द झाली असून रक्कम थकवणाऱ्यास कैदही होऊ शकते.

तथापि हा हक्क मुलाचा आहे. पत्नी नसलेल्या मातेला बाळंतपणाचा खर्च या कलमाखाली मिळत नाही, आणि ही उणीव लहान नाही. त्याहून जाचक आहे ती अर्ज कोठे करायचा याविषयीची तरतूद. पत्नीला स्वतः राहते त्या जिल्ह्यात दाद मागता येते, पण अविवाहित मातेच्या मुलासाठी पिता जेथे असेल किंवा राहत असेल, जेथे तो त्या मातेसह शेवटचा राहिला असेल, किंवा जेथे त्याचे आईवडील राहत असतील, तेथेच जावे लागते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील झरी-जामणी भागात बाहेरून आलेल्या पुरुषांनी लग्नाचे आमिष दाखवून सोडून दिलेल्या कोलाम आदिवासी कुमारी मातांचा प्रश्न वर्षानुवर्षे मांडला जात आहे, आणि तेथे मातेच्या पुनर्वसनाविषयी जितके बोलले जाते तितके पित्याकडून वसुलीविषयी बोलले जात नाही. दोघे एकत्र राहिले नसतील तर निघून गेलेल्या पुरुषाच्या गावी मोलमजुरी करणाऱ्या मुलीने तारखांना जावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

पितृत्व नाकारले गेल्यास डीएनए चाचणीची, म्हणजे रक्तनात्याच्या जैविक तपासणीची, मागणी न्यायालयाकडे करता येते, मात्र ती आपोआप मंजूर होत नाही. म्हणून एकत्र राहिल्याचे साक्षीदार, फोनवरील संदेश आणि दवाखान्याची कागदपत्रे आधीच गोळा करावीत. अशी मुलगी दाराशी आली, तर तिला चारित्र्याचे प्रश्न न विचारता त्या पुरुषाचा पत्ता विचारावा आणि अर्ज त्याच आठवड्यात दाखल करावा.