निफाडच्या थंडीत पाखरं बघायला येताय? मग एवढं वाचाच

मंडळी, निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला की दोन प्रकारची माणसं पहाटे चारला उठतात. एक द्राक्षबागाईतदार. पाणी उतरलेले मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सुरू करायचं. दुसरे आमच्यासारखे, कानटोपी घालून, दुर्बीण गळ्यात अडकवून नांदूरमध्यमेश्वरला निघणारे. घरचे म्हणतात, त्यांचं समजू शकतो, तुमचं काय अडलंय?

परवा चापडगावच्या बाजूला गेलो तेव्हा पाणी दिसतच नव्हतं, नुसतं धुकं. तारेवर सात-आठ वेडे राघू एकमेकांना खेटून बसलेले, पिसं फुलवून अगदी लोकरीचे गुंडे. फुलवलेल्या पिसांत हवा अडकते, तीच त्यांची गोधडी. ऊन पडून किडे उडेपर्यंत त्यांना नाश्ता नाही. रात्री जाळलेली चरबी भरून निघायची तर ती त्यानंतरच.

बदकांचं वेगळं. तलवार बदक, थापट्या पार उत्तरेकडून येतात. पट्टकदंब हंस तर हिमालय ओलांडून. आपली थंडी त्यांना किरकोळ, उगाच ‘बिचारे गारठले’ म्हणू नका! पण यातले बरेच जण रात्री चरतात आणि दिवसा विसावतात. (हंस हरभऱ्यात, गव्हात उतरतात. ज्याचं रान त्याला विचारा, तो काही कौतुक करणार नाही.) मार्चच्या आसपास परतीचा पल्ला गाठायचा, त्याची शिदोरी अंगावर चरबी म्हणूनच साठवायची असते.

आता खरा मुद्दा. त्याच सकाळी एक गट आला. गाडी थेट काठापर्यंत, गाणी चालू. एकाने ड्रोन काढला, दुसऱ्याने टाळ्या वाजवल्या, का तर उडतानाचा व्हिडिओ हवा होता. अख्खा थवा उठला, दोन घिरट्या मारून पलीकडे बसला. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. अशा वेळी सगळ्यात महाग पडतं ते उडणं. खर्च पाखराचा, रील यांचं. मी बोललो तर म्हणे, ‘काका, उडण्यासाठीच तर पंख दिलेत ना!’

इंग्रजांनी त्यांच्या काळात इथे बंधारा बांधला. गाळ साचत गेला, उथळ पाणी झालं आणि पाखरं उतरू लागली. पुढे हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. फलक मोठे लागले. पण गर्दीच्या रविवारी पहाटे सहा ते नऊ काठावर ‘भाऊ, गाडी मागे घे’ म्हणणारं कुणी नसतं.

मागणी मोठी नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी गाड्या गावातच थांबवा आणि त्या तीन तासांसाठी गावातलीच दोन पोरं काठावर नेमा. गाइडचं काम करणाऱ्या पोरांना कुठला थवा कुठे बसतो ते तोंडपाठ आहे. त्यांना मेहनताना द्या. ग्रामसभेत विषय मांडणार आहे. चापडगाव, मांजरगाव, खानगावची जी मंडळी येतील त्यांनी खाली लिहा, म्हणजे अर्जावर नावं घालता येतील.