किसलेल्या आलूचं पाणी

आलूचा कीस मुठीत धरून पिळला की बोटांच्या फटींतून धार लागते आणि ती थांबतच नाही. आलूत शंभरातले सुमारे 80 भाग पाणीच असतं, हे वाचलेलं होतं. पण ते हातातून निथळताना पाहिलं आणि प्रश्न पडला : एवढी ओली वस्तू तेलात कुरकुरीत होते तरी कशी?

भंडाऱ्यात खोली घेऊन राहायला लागल्यापासून मी स्वयंपाक शिकतो आहे. वरण-भात जमतो. आलूच्या थालीपिठानं मात्र मला पार बुचकळ्यात टाकलं. जिन्नस मोजकेच, पण कोणता केव्हा घालायचा यावरच सगळं अवलंबून. घरमालकीण काकूंनी सांगितलं, ‘‘आधी कीस पाण्यात सोड, मग पिळ. मीठ सगळ्यात शेवटी.’’ का, असं विचारलं तर म्हणाल्या, ‘‘करून पाह्य ना बाबू.’’

मग पिळलेला कीस दोन वाट्यांत घेतला. एकीत मीठ घातलं, दुसरीत नाही. मिठाच्या वाटीत थोड्याच वेळात पुन्हा पाणी साचलं. मीठ पेशींतलं उरलंसुरलं पाणीही बाहेर ओढतं. दुसरीतला कीस हवा लागून आधी गुलाबी आणि मग तपकिरी पडला. पाण्यात बुडवून ठेवायचं ते यासाठी.

काकू ते पाणी लगेच फेकू देत नाहीत. भांडं न हलवता थोडं थांबायचं आणि वरचं गढूळ पाणी अलगद ओतून द्यायचं. तळाशी पांढराशुभ्र थर उरतो. बोटानं जोरात दाबला तर टणक लागतो, हलक्या हातानं उचलला तर ओघळतो. हे कसं होतं ते पाहण्यात माझा तवा तापून धुरावला, तरी मन भरेना. हा थर म्हणजे आलूचं सत्त्व. ते किसात परत मिसळलं की थालीपीठ तव्यावर मोडत नाही. कोरियातही किसलेल्या आलूची अशी धिरडी करतात आणि तिथेही तळाचं सत्त्व परत घालतात, हे कळल्यावर मला फार आनंद झाला.

सोबत तांदळाचं पीठ. आमचा जिल्हा धानाचा. राईस मिलमधली कनकी चक्कीवर दळून आणली की झालं. गव्हाच्या कणकेत ओलाव्यानं चिकटपणा येतो, थालीपीठ चिवट होतं. तांदळात तो नसतो, म्हणून कडा काचेसारख्या तडकतात. वरून सांबार (कोथिंबीर), जिरं आणि भिवापुरी मिरचीचं तिखट.

एकदा सगळं नीट करूनही थालीपीठ आतून शिजण्याआधीच काळपट पडलं. भाजीवाल्या मावशींनी कारण सांगितलं, ‘‘स्टोरचा आलू हाये जी, गोड असते तो.’’ पावसाळ्यात बाजारात येणारा बहुतेक आलू शीतगृहातला. फार थंडीत त्यातल्या सत्त्वाची साखर होते आणि साखर तेलात लवकर करपते. काही दिवस आलू खोलीत उघडा ठेवला की गोडवा बराच उतरतो. फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, हेही त्यातूनच कळलं.

तव्यावर मी आता बुडबुडे पाहतो. लोखंडी तवा, फल्लीचं तेल, थालीपीठ पातळ थापलेलं. सुरुवातीला बुडबुडे जोरात उठतात; ती आतल्या पाण्याची वाफ. पाणी आहे तोवर तो भाग शंभर अंशांच्या फार वर तापत नाही, म्हणून रंगही येत नाही. बुडबुडे मंदावले, आवाज बारीक झाला, की सराट्यानं उलटायचं. उतरवल्यावर ताटात एकावर एक रचायचं नाही, नाहीतर खालचं वाफेनं मऊ पडतं. चाळणीवर सुटं ठेवायचं आणि टमाटरच्या चटणीबरोबर गरमच खायचं.

आता एकादशीला करायचं आहे. तेव्हा तांदळाचं पीठ चालत नाही. काकू म्हणतात भगरीचं घाल. मला वाटतं नुसत्या सत्त्वावरही धरेल. दोन्ही करून पाहणार आहे.