कापराचं देणं

साताऱ्याच्या यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बीएस्सी करताना 'नॅनो' हा विषय मी परीक्षेपुरताच वाचला. १९८५ साली फुलरिन, १९९१ साली जपानच्या सुमिओ इजिमांनी दाखवलेल्या कार्बनच्या नळ्या. एवढं लिहिलं की गुण मिळत. हे काम आपल्याकडे कुणी करत असेल, असं मनातही आलं नाही. कोल्हापूरला एमएस्सीला गेलो तरी हे अज्ञान तसंच राहिलं.

तिथे आमच्या सरांनी 'कार्बन' या नियतकालिकातला १९९८ चा एक निबंध हातात ठेवला. मुंबई आयआयटीतले महेश्वर शेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापूर फेरोसीन या लोहाच्या संयुगाबरोबर तापवून कार्बनचे सच्छिद्र नॅनोमणी मिळवले होते. लेखकांत खुद्द इजिमा! आणि कच्चा माल कोणता, तर आरतीचा कापूर. त्याची ताटावरची काजळी मी लहानपणापासून घासत आलो होतो. सर म्हणाले, "अरे, हवेत पेटवला तर काजळीच धरणार. आर्गॉनमध्ये तापवून बघ."

कापूर सहज उडतो, वायूबरोबर भट्टीत जातो. फेरोसीनमधून सुटलेल्या लोहाच्या कणांवर कार्बन रचला जातो. कापराच्या रेणूतला ऑक्सिजनचा एक अणू नको असलेला विस्कळीत कार्बन जाळून टाकायला मदत करतो, असं पुढे मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी मांडलं. (आजचा कापूर बहुतेक पाइनच्या टर्पेंटाइनपासून कारखान्यात होतो, पण मूळ झाडाचंच.)

नोकरीला सांगलीत आलो, तेव्हा कापराच्या या निवडीची खरी किंमत कळली. मिथेन, ॲसिटिलीनचे सिलिंडर आमच्या महाविद्यालयाला झेपणारे नव्हते. कापूर किराणा दुकानात मिळाला. प्रयोगशाळेतले मामा तो आणून देत आणि "पूजा किती वाजता?" असं विचारत. भट्टीची क्वार्ट्झ नळी साफ करायलाही मला त्यांनीच शिकवलं.

झाडापाल्यातून कार्बन मिळवायची ती वाट पुढे मला उसाकडे घेऊन गेली. रस बंद भांड्यात तापवला की कार्बन डॉट्स, म्हणजे कार्बनचे नॅनोकण, तयार होतात. अतिनील दिव्याखाली निळे चमकतात आणि पाण्यात फेरिक लोह असलं की मंदावतात. वाळवा, पलूसकडची मुलं आता ते बघायला आपणहून थांबतात.

शेरॉन सरांना मी कधी भेटलो नाही. माझ्या निबंधांच्या संदर्भयादीत त्यांचं नाव असतं. आमच्या सरांचं आणि मामांचं तिथेही येत नाही.