आधी केस, मग रिबीन

परभणी

चि. छकुलीस,


तू पाठवलेले फोटो पाहिले. साटीनचा दुहेरी बो, पाच पाकळ्यांचं फूल, मोती लावलेला हेअरबँड. हात चांगला बसलाय तुझा. खाली तू विचारलंस, ‘मावशी, गंगाखेडात हे खपेल का, की मी उगीच वेळ घालवतेय?’ उत्तर फोनवरही देता आलं असतं. पण हाच प्रश्न सेलू, मानवत, पाथरी, पालम, कुठल्याही गावातली बारावी झालेली पोर विचारते आणि बचत गटातली बाईही विचारते. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते. तुझी हरकत नसेलच.

खपेल गं, नक्की खपेल. फक्त तू सुरुवात उलट्या टोकानं केलीस. आधी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला, मग रिबीन आणली, मग बो केला आणि शेवटी तो कुणाच्या डोक्यात बसतो ते बघायला निघालीस. क्रम फिरव. आधी केस बघ, मग रिबीन हातात घे.

त्या व्हिडिओतल्या पोरींचे केस कोरडे, मोकळे, धुऊन भुरभुरीत झालेले असतात. आपल्याकडच्या पोरीच्या डोक्याला सकाळी खोबरेल चोपडलेलं असतं, मधोमध भांग, दोन घट्ट वेण्या, त्या दुमडून वर बांधलेल्या. अशा केसांवर गुळगुळीत पत्र्याची पिन टिकत नाही. प्रार्थना संपायच्या आत घसरून मानेवर येते. शिवाय साटीनची स्वस्त रिबीन म्हणजे पॉलिस्टर. हा धागा पाणी फारसं पीत नाही, पण तेल मात्र धरून ठेवतो. पांढऱ्या बोवर दोन दिवसांत पिवळट कड उमटते ती त्यामुळे. म्हणून शाळेच्या बोला पिनेच्या आतल्या बाजूनं मखमलीची बारीक पट्टी लाव, तेलकट केसांवरही पकड येते. आणि गिऱ्हाइकाला सांग, कोमट पाण्यात शाम्पूचा थेंब टाकून धू, उकळत्या पाण्यात घालू नको.

आपल्या जुन्या बायकांना हे कुणी शिकवायला लागलं नाही. आगवळ आठवते का? नसेल आठवत. तुझ्या पणजीच्या वेणीत दोऱ्याची विणलेली आगवळ असायची, टोकाला गोंडे. केस कमी असले तर गंगावन. जिंतूरकडच्या तांड्यावरच्या बंजारा बायकांच्या बटांत अजून घुगरी-टोपली हा दागिना दिसतो. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. यातलं काहीही केसांवर वरून चिकटवलेलं नाही, ते केसांत गुंफलेलं आहे. वजन वेणी पेलते. शाळेतली लाल रिबीनसुद्धा तशीच, वेणीच्या अर्ध्यातून तिसऱ्या पेडाबरोबर आत घ्यायची आणि शेवटी फूल बांधायचं. दिवसभर मैदानात पळालं तरी सुटत नाही. तुझ्या बोला मागून हातभर रिबीन शिवून दे, वेणीत गुंफता येईल अशी. असा बो मोठ्या शहरातल्या दुकानात सहसा दिसत नाही, आणि आपल्याकडच्या आईला तोच हवा असतो.

आता कामाचं. तुझ्या फोटोतल्या बोची टोकं मी मोठी करून पाहिली. कडेला काळपट डाग आहेत आणि एका टोकाला कडक गोळी झालीय. डाग मेणबत्तीच्या काजळीचा. पिवळ्या शेंड्यावर रिबीन धरलीस की काजळी बसणारच. ज्योतीच्या बुडाशी निळसर भाग असतो, तिथे कड बाजूनं न्यायची, आत घालायची नाही. एकाच वेगानं, डावीकडून उजवीकडे, न थांबता. कड चकाकली की झालं. थांबलीस तर पॉलिस्टर वितळून गोळा होतं आणि थंड झाल्यावर ती गोळी टोचते. फोटोत ती कुणाला दिसत नाही, पण ज्या पोरीच्या मानेला दिवसभर टोचते ती दुसऱ्या दिवशी तो बो घालत नाही. आणि तिनं घातला नाही तर तिची आई पुन्हा घेत नाही. बाकी जाहिरात कितीही कर.

मधली गाठही बघ. तू नुसता ग्लू गनचा गोंद लावलास. गोंद लावायला हरकत नाही, पण भार त्याच्यावर टाकू नको. हा गोंद उष्णतेनंच वितळतो. आपल्याकडे मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत किंवा पत्र्याच्या दुकानात त्याहून कितीतरी जास्त. तिथे गोंद मऊ पडतो आणि बो उलगडतो. त्याऐवजी असं कर. रिबीनचे दोन फेर घेऊन मागे एक सेंटिमीटर एकावर एक ठेव. मधोमध धावदोरा घाल, ओढून चुण्या पाड, त्याच दोऱ्याचे चार वेढे घट्ट दे आणि मागे गाठ मार. वर अर्ध्या इंचाची पट्टी गुंडाळून तीही मागे टाक्यानं पक्की कर. गोंद फक्त पिन बसवायला. चुण्या सारख्या पडल्या तर दोन्ही पाकळ्या सारख्या फुलतात. नाही पडल्या तर कितीही मोती लाव, बो वाकडाच दिसतो.

तान्ह्या लेकरांसाठी करशील तेव्हा मोती, टिकल्या, काचेचे मणी अजिबात नको. तोंडात जातात. जावळाचे केस इतके बारीक की पिन नकोच, मऊ सुती पट्टी दे. आणि मोठ्या पोरींसाठी फार घट्ट रबर देऊ नको. रोज ताणून बांधलं की कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात. डॉक्टरांच्या भाषेत तो ताणानं होणारा केसगळीचा प्रकार आहे. रबरावर रिबीन गुंडाळून शिवलीस की केस तुटत नाहीत.

तू राहतेस ते गाव जनाबाईंचं. गंगाखेडात जन्मलेली, पंढरपूरला नामदेवांच्या घरी दासी म्हणून वाढलेली ती बाई. दळण-कांडण, गोवऱ्या, सगळी कामं तिच्याच वाट्याला. तिच्या कथांतला देव तिच्याबरोबर जातं ओढतो आणि तिची वेणीफणीही करतो. राजाच्या पंगतीला जाण्याऐवजी देवानं एका दासीचे केस विंचरावेत, हे आपल्या लोकांना पटलं आणि सातशे वर्षं टिकलं. कारण घराघरात आईचा किंवा आजीचा हात लेकराच्या डोक्यावरून फिरलेला असतो. तू जे करतेस ते त्या हाताच्या मदतीचं काम आहे. म्हणून बो कसा दिसतो याआधी तो विंचरणाऱ्या आईला सकाळच्या घाईत किती लवकर घालता येतो ते बघ. एका हातात डबा, दुसऱ्या हातात वेणी, बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. त्या वेळी जो बो एका हातानं बसतो तोच खपतो.

आता दर. इथे तू सगळ्यात कच्ची आहेस, आणि तू एकटीच नाहीस. समज, 25 यार्डांचं रीळ आणलं. म्हणजे जवळजवळ 22 मीटर 86 सेंटिमीटर. एका बोला 60 सेंटिमीटर लागली आणि थोडी वाया गेली, तर एका रिळात 36 बो होतात. समज रीळ 100 रुपयांचं, तर रिबीनचे पावणेतीन रुपये. पिन, मधली पट्टी, दोरा, मेणबत्ती, पुठ्ठ्याचं कार्ड धरून साधारण सात रुपये झाले. तू बो दहा रुपयांना विकतेस आणि म्हणतेस तीन रुपये सुटले. कुठे सुटले? तासाला सहा बो होत असतील तर तासाचे अठराच रुपये झाले. तुझ्या हाताची मजुरी तू धरलीच नाहीस.

मानवत-सेलूच्या शिवारात कापूस वेचायला बाई जाते तेव्हा किलोमागे मजुरी ठरते. कापसाचा भाव पडला म्हणून ती फुकट वेचत नाही, आणि कुणी तिला तसं म्हणतही नाही. बो करणारीला मात्र सगळे म्हणतात, ‘घरी बसूनच तर करतेस.’ हे ऐकून घेऊ नको. तासाचा दर आधी ठरव, साठ म्हण, सत्तर म्हण, पण ठरव. बोमागे दहा रुपये मजुरी आली तर माल सतरा रुपयांना पडतो. कटलरीवाल्याला वीसला दे, तो पंचवीस-तीसला विकेल. दर ऐकून परत जाणारी गिऱ्हाइकं असतील. ती दहाच्या बोची आहेत, त्यांना बाजारातला तयार माल घेऊ दे.

आणि जोडीच विकायची असा हट्ट धरू नको. दोन वेण्यांतला एक बो शाळेत हरवतोच. सुटा बो मिळाला तर आई तुझ्याकडेच येईल. त्यासाठी रंग तोच लागतो, म्हणून प्रत्येक रिळाचा वीतभर तुकडा वहीत चिकटवून ठेव, बाजूला दुकान आणि महिना लिही. लाल म्हणजे नुसता लाल नसतो. एका रंगणीचा लाल दुसऱ्या रंगणीशी जुळत नाही.

रिबीन बहुतेक सुरतेकडून येते. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांचा हैदराबादच्या बेगम बाजाराशीही जुना व्यवहार आहे. कापसाच्या जिल्ह्यात राहून आपण पॉलिस्टरची रिबीन विकत आणतो, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पण दुसरा कच्चा माल तुझ्या गल्लीतच आहे. ब्लाउज शिवणाऱ्या बाईकडे काठाच्या, खणाच्या, इरकलीच्या पट्ट्या उरतात. त्या घे. लग्नसराईत आईच्या साडीच्या काठाचा बो लेकीच्या केसात, याला मागणी आहे. फक्त लक्षात ठेव, सुती किंवा रेशमी कड ज्योतीवर वितळत नाही, जळते. तिची राख होते. तिथे दुमड घालून टाका किंवा पिको, दुसरा इलाज नाही. कापड कशाचं आहे ते कळत नसेल तर कोपऱ्याचे दोन धागे जाळून बघ. पॉलिस्टरची गोळी होते आणि प्लॅस्टिकसारखा वास येतो, सुताला कागद जळाल्याचा येतो, रेशमाला केस जळाल्याचा.

एकाच प्रकारावर मात्र उभी राहू नको. इंग्लंडात कॉव्हेंट्री नावाचं गाव एकेकाळी रेशमी रिबीन विणून जगत होतं. 1860 साली फ्रान्सशी व्यापारी करार झाला, फ्रेंच रेशमी मालावरची जकात उठली आणि कॉव्हेंट्रीतल्या हजारो विणकरांचं काम गेलं. कित्येक जण देश सोडून गेले. ते गाव पुढे सायकलींच्या कारखान्यांवर सावरलं. धडा साधा आहे. जूनला शाळेचे बो, फेब्रुवारीत परभणीच्या उरुसाला चमकीचे हेअरबँड, लग्नसराईत काठाचे, बारशाला सुती पट्टी. चार हंगामांचा चार तऱ्हेचा माल ठेवलास तर एक बसला तरी बाकीचे तीन उभे राहतील.

एकटीनं सगळं करू नको. गटात सात-आठ जणी असाल तर कापणारी एक, कड घेणारी एक, शिवणारी दोघी, हिशेबाला एक असं वाटून घ्या. उमेद अभियानाच्या किंवा महिला आर्थिक विकास महामंडळाच्या गटात असशील तर प्रदर्शनाची वाटही निघते. परभणीला कृषी विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, पूर्वी त्याला गृहविज्ञान म्हणत. कापड, धागा, शिवण हे तिथे शिकवतात. एखाद्या दिवशी ये, दोघी मिळून जाऊन विचारू. विचारायला पैसे पडत नाहीत.

आता लगेच करायचं ते एवढंच. नवीन दहा नमुने करू नको, तीनच कर. शेजारच्या एखाद्या पोरीला आठवडाभर घालायला दे आणि रोज संध्याकाळी तिच्या आईला विचार, कुठे घसरला, कुठे टोचला, कुठला टाका सुटला. ते लिहून ठेव आणि त्याप्रमाणे बदल. शाळा जूनच्या मध्यात उघडतात, पण दुकानदार माल मेच्या शेवटी भरतो. त्याच्या काउंटरवर तुझं कार्ड त्याआधी पोहोचायला हवं. उधारीवर देशील तर पहिल्यांदा थोडाच माल दे, आणि वहीवर त्याची सही घे. ओळखीचा असला तरी घे.

ताईला नमस्कार सांग. तुझ्या बाबांना सांग, पोरगी रिकामी बसलेली नाही.

तुझी,
मावशी

ता. क. मेणबत्तीजवळ बसताना ओढणी कमरेला खोच, केस बांध आणि पंखा बंद ठेव. दोन बोंचा उकाडा सोसलेला बरा.