एका अणूची जागा

साहित्याच्या वर्गात ‘रचना’ हा शब्द आम्ही इतक्या सढळपणे वापरतो की त्याचा धाक उरलेला नाही. एक शब्द बदलला की कविता बदलते, हे विधान परीक्षेपुरते सर्वांना पाठ असते. परंतु कोणता शब्द, कोणत्या जागी आणि किती, याचा पडताळा घ्यावा असे सहसा कुणाला वाटत नाही. आम्हांला हा पडताळा साहित्याबाहेर मिळाला, सिरॅमिक अतिसंवाहकांच्या वाचनात.

आम्ही राहतो त्या शीळफाट्यावर हा विषय अगदीच परका नाही. वांद्रे-कुर्ला संकुलापासून निघणारा, ठाण्याच्या खाडीखालून ७ किलोमीटर जाणारा बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा इथेच उजेडात येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचा घणसोली ते शीळफाटा हा भाग आरपार झाला. ही गाडी हवेत तरंगणार, असे अनेकांना वाटते. ती पोलादी चाकांवरच धावेल. तरंगते ती जपानची चुंबकीय गाडी. २०१५ साली तिने ताशी ६०३ किलोमीटरचा वेग गाठला, आणि तिच्या चुंबकांत अतिसंवाहक तारांची वेटोळी असतात. ठरावीक तापमानाखाली ज्यातून वीज कोणत्याही अवरोधाविना वाहते, तो अतिसंवाहक. १९११ साली कामेर्लिंग ओनेस यांनी हा गुण पाऱ्यात प्रथम पाहिला. त्यासाठी पारा ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावा लागला.

१९५७ मध्ये या घटनेचा सिद्धान्त आला, आणि ३० केल्विनच्या फार पुढे जाता येणार नाही अशी समजूत रूढ झाली. १९८६ साली झुरिकजवळच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांनी ती मोडली, तीही लँथॅनम, बेरियम आणि तांबे यांच्या ऑक्साइडात. सिरॅमिक म्हणजे कपबशीच्या जातीचा पदार्थ, विजेला अडवणारा. त्याच्याकडून ही अपेक्षा कोण करणार? विशेष असे की हे संयुग फ्रान्समधील मिशेल आणि राव्हो या रसायनशास्त्रज्ञांनी आधीच तयार केले होते. ते इतके थंड करून मात्र पाहिले नव्हते. संहिता उपलब्ध होती. तो प्रश्न तिला विचारला गेला नव्हता.

पुढच्याच वर्षी लँथॅनमच्या जागी यट्रियम घालण्याच्या प्रयत्नातून वेगळ्याच घडणीचे संयुग हाती आले आणि ९३ केल्विनला अतिसंवाहक झाले. आता महागड्या हेलियमची गरज उरली नाही. ७७ केल्विनला उकळणारा द्रव नायट्रोजन पुरेसा ठरला. त्याची कृती जवळजवळ स्वयंपाकघरातली आहे. यट्रियम, बेरियम आणि तांबे १:२:३ या प्रमाणात येतील अशी त्यांची संयुगे खलात घोटायची, ९०० अंशांच्या वर भाजायची, पुन्हा घोटायची, दाबून वडी करायची, पुन्हा भाजायची आणि ऑक्सिजनच्या झोतात सावकाश निववायची. साधले तर वडी काळी होते. प्रमाण बिघडले तर तीत हिरवा, वीज न वाहणारा पदार्थ डोकावतो.

खरी गंमत पुढे आहे. ऑक्सिजनचे प्रमाण ७ च्या जवळ असेल तर हा पदार्थ अतिसंवाहक. धातू तेच, पण ऑक्सिजन ६ वर आला की तो विसंवाहक. यट्रियमच्या जागी चुंबकीय गॅडोलिनियम घातले तरी फारसे काही बिघडत नाही, प्रेसिओडिमियम घातले की सारे संपते. तांब्याच्या जागी शेकडा काही अणू साध्या, अचुंबकीय जस्ताचे आले तरी अतिसंवाहकता झपाट्याने खालावते. म्हणजे प्रश्न पदार्थाच्या प्रतिष्ठेचा नाही, जागेचा आहे.

आणि अशुद्धीचा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत चंदन मजुमदार, आर. नागराजन, एल. सी. गुप्ता आणि त्यांचे सहकारी यट्रियम, निकेल व बोरॉन यांच्या मिश्रधातूवर काम करत होते. हे सिरॅमिक नव्हे, पण धडा तोच. १२ केल्विनला अतिसंवाहकतेची एक क्षीण खूण दिसली. निकेल हा चुंबकीय धातू, अतिसंवाहकतेचा वैरी मानलेला. खूण दुर्लक्षिण्याजोगी होती. त्यांनी ती दुर्लक्षिली नाही. नमुन्यात कार्बनचा अंश असावा हे ताडून त्यांनी कार्बन मुद्दाम घातला, आणि क्षीण खूण ठसठशीत झाली. १९९४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि बोरोकार्बाइड अतिसंवाहकांचे एक कूळच जगापुढे आले.

याच्या शेजारी २०२३ ची घटना ठेवावी. शिसे असलेल्या एका खनिजसदृश संयुगात तांबे घालून सामान्य तापमानालाच अतिसंवाहकता साधल्याचा दावा कोरियातून झाला. काही आठवड्यांतच अनेक प्रयोगशाळांनी ते पदार्थ घडवून पाहिले. अवरोधातली ती घसरण तांब्याच्या सल्फाइडाची, म्हणजे अशुद्धीचीच, निघाली. मुंबईत अशुद्धीने सत्य दाखवले, इथे भास. दोहोंतला फरक आधी कुणालाच सांगता आला नसता. तो पुन्हा घडवून पाहिल्यावरच कळला.

तांब्याच्या ऑक्साइडांत हे नेमके का घडते, याचा सर्वमान्य सिद्धान्त १९८६ पासून आजतागायत नाही. तरी घोटणे, भाजणे, मोजणे थांबलेले नाही. आमच्या वर्गांत बहुधा उलटे घडते: सिद्धान्त आधी येतो, कविता उदाहरणापुरती मागून, आणि सिद्धान्तात न बसणारी ओळ अशुद्धी म्हणून बाजूला पडते. सिद्धान्त नको, असे आमचे म्हणणे नाही. त्या ओळीत कार्बन आहे की सल्फाइड, हे ठरवण्याआधी ती विद्यार्थ्यांबरोबर दोनदा-तीनदा मोठ्याने वाचली जावी, एखादा शब्द काढून, दुसरा घालून पाहिला जावा, एवढेच.