वाऱ्यावरचा माग

चि. शरयूस,


सहसा दृष्टीस न पडणाऱ्या प्राण्याची पाहणी बहुतेक वेळा त्याने मागे ठेवलेल्या खुणांवरूनच करावी लागते. त्या खुणांमध्ये सर्वांत बोलकी विष्ठा. तिच्यातून प्राण्याची जात, लिंग, आहार आणि संप्रेरके कळतात. डीएनएवरून ते जनावर नेमके कोणते, हेही ठरवता येते. त्यासाठी त्याला पकडावे लागत नाही, बेशुद्ध करावे लागत नाही. मात्र पाचोळ्यात आणि उंच गवतात माणसाच्या नजरेतून ती सहज निसटते. तिथे कुत्र्याचे नाक उपयोगी पडते.

कुत्र्याच्या नाकात शिरलेल्या हवेचा एक भाग श्वासासाठी जातो, तर दुसरा वास ओळखणाऱ्या भागाकडे वळतो. उच्छ्वास नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांतून बाहेर पडतो, त्यामुळे येणारा वास विस्कटत नाही. प्रशिक्षणाची रीत साधी असते: ठरावीक वास सापडला की कुत्रा खाली बसतो आणि लगेच त्याला चेंडू मिळतो. या कामासाठी चेंडूचे वेड असलेली, कधीही न दमणारी कुत्री लागतात. घरात आवरत नाहीत म्हणून निवाऱ्यात सोडलेली अशी कितीतरी कुत्री या कामात चमकली आहेत.

ही कल्पना नवी नाही. १८९० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये रिचर्ड हेन्री यांनी तोंडाला मुसके बांधलेल्या कुत्र्याच्या मदतीने काकापो हे न उडणारे पोपट शोधले आणि शेकडो पक्षी रेझोल्यूशन बेटावर नेले. १९०० मध्ये स्टोट नावाचा छोटा शिकारी प्राणी पोहत त्या बेटावर पोहोचला आणि ती सारी मेहनत वाया गेली. रीत मात्र टिकली. त्या देशात संरक्षित पक्षी शोधणाऱ्या कुत्र्यांना आजही मुसके बांधतात.

या पद्धतीचा खरा कस समुद्रावर लागला. अमेरिकेचे वॉशिंग्टन राज्य आणि कॅनडा यांच्या मधल्या सॅलिश समुद्रात ओर्का देवमाशांचा एक समूह राहतो. त्यांची संख्या ऐंशीच्याही आत आहे. पाठीवरचा पर आणि त्यामागचा करडा डाग यांवरून त्यातला प्रत्येक ओर्का ओळखता येतो, म्हणजे मोजणी अवघड नाही. अवघड होते ते ही संख्या वाढत का नाही हे समजणे. त्याचे उत्तर पाण्यावर काही मिनिटे तरंगून बुडणाऱ्या विष्ठेत होते.

वॉशिंग्टन विद्यापीठातील सॅम्युअल वासर यांच्या चमूने त्यासाठी टकर हा काळा लॅब्रॅडॉर-मिश्र कुत्रा होडीवर घेतला. तो सिएटलच्या रस्त्यावर सापडलेला, आणि पाण्यात उतरायला मुळीच राजी नसलेला. होडी देवमाशांपासून बरेच अंतर राखून वाऱ्याला आडवी चालते. कुत्रा नाळेवर उभा असतो. वास आला की त्याचे अंग ताठ होते, मान वळते आणि तो कठड्यावरून पुढे झुकतो. त्याच्याकडे डोळे लावून बसलेला हँडलर, म्हणजे कुत्र्याला हाताळणारा माणूस, हाताने दिशा दाखवतो आणि होडी वाऱ्याच्या तोंडावर वळते. वासाचा पट्टा मागे पडला की कुत्रा उलटा फिरतो, आणि होडीलाही फिरावे लागते. शेवटी पाण्यावर हिरवट-तपकिरी तवंग दिसतो. तो जाळीने उचलला की कुत्र्याला चेंडू मिळतो.

या नमुन्यांनी एक जुना वाद बराचसा निकाली काढला. ओर्कांना त्रास कशाचा आहे, होड्यांच्या गर्दीचा की माशांच्या टंचाईचा? उन्हाळ्यात होड्यांची गर्दी आणि ओर्का खातात त्या चिनूक सामन माशांची आवक एकाच सुमारास शिगेला पोहोचते. होड्या हेच मुख्य कारण असते, तर ताणाची संप्रेरके तेव्हाच सर्वाधिक आढळली असती. ती तेव्हा कमी आढळली. अर्थात होड्या निरुपद्रवी ठरत नाहीत. पण उपासमार मोठी आहे, हे स्पष्ट झाले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर २००८ ते २०१४ या काळात लक्षात आलेल्या गर्भधारणांपैकी ६९ टक्क्यांपर्यंत अयशस्वी ठरल्याचे आढळले, आणि त्याचा संबंध अन्नटंचाईशी दिसला. जन्मालाच न आलेल्या पिल्लांची नोंद डोकी मोजून कधीच मिळाली नसती. शरयू, या पद्धतीचे मोल या एका गोष्टीवरून ध्यानात येईल.

मर्यादाही आहेतच. भर उन्हात धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही. वारा पडला की वास पसरत नाही, पावसाने विष्ठा वाहून जाते, आणि जमिनीवर दुसरे प्राणी ती उचलून भलतीकडे टाकतात. कुत्र्याने जात ओळखली तरी प्रयोगशाळेची खातरजमा टाळता येत नाही. सर्वांत सूक्ष्म चूक मात्र माणसाकडून होते. नमुना कुठे आहे हे हँडलरला ठाऊक असेल, तर त्याची पावले नकळत तिथे मंदावतात आणि कुत्रा तेवढ्यावरून बसतो. म्हणून चाचणीच्या वेळी नमुने दुसऱ्याच माणसाकडून ठेववतात आणि त्यांची जागा हँडलरला सांगत नाहीत.

तुझा,
मामा